चौदा नंबरची सीट

बोट एकोणऐंशी सालची, सोळा फुटी, अॅल्युमिनियमची.
तळाला एक पोचा आहे. तो मी पाडलेला नाही,
पण आता माझाच म्हणायचा.
मोटर अजून दुसऱ्या ओढीला बोलते.
तक्रार फक्त सीटची : रेक्झिन फाटलं,
आतला स्पंज रात्रभर दव पितो
आणि पहाटे मी बसलो की
सगळं माझ्या पँटीत परत करतो.

सिग्रून म्हणाली, पाठीचा डॉक्टर महाग की सीट?
म्हणून सेलकर्कच्या दुकानात गेलो.
सीटा रांगेत मांडलेल्या, घडीच्या, उंच पाठीच्या,
कोपराला टेकण असलेल्या, स्प्रिंगवाल्या.
मी प्रत्येकीवर बसलो, टोपी काढून.
"सागरी दर्जाच्या आहेत," विकणारा पोरगा म्हणाला.
आमच्या सरोवराला मीठ ठाऊक नाही,
पण 'सागरी' म्हटलं की किंमत दुप्पट.
दोन सीटा, दोन खांब, बोल्ट, कर :
बेरीज बोटीच्या किमतीला गाठून पुढे गेली
आणि थांबली नाही.
चार आण्यांची कोंबडी,
बारा आण्यांचा मसाला, तोही सागरी.

बाल्दूरचा सल्ला फुकट होता :
बागेतली प्लास्टिकची खुर्ची घे, पाय कापून टाक.
त्याने तसं केलं होतं.
वारा उत्तरेचा झाला तेव्हा
खुर्ची बोटीत राहिली, बाल्दूर नाही.
हे तो स्वतःच सांगतो, खो खो हसत,
आणि सल्ला मागे घेत नाही.

विनिपेग सरोवराच्या लाटा ठेंगण्या, खुनशी.
उंच लाट निदान आधी दिसते.
ही खालून येते, थेट माकडहाडावर.

आर्बोर्गच्या भंगारवाल्याकडे मी बोल्ट शोधायला गेलो.
खरंच, बोल्टच.
कुंपणाशी चौदा नंबर उभी होती.
पिवळा रंग खडूसारखा हाताला लागला.
अकरा हिवाळे मी हिला चालवली,
उणे चाळीसातसुद्धा. सोळा घरं, तेवीस पोरं.
ड्रायव्हरच्या सीटला डाव्या कडेला चिकटपट्टी :
ती मी लावलेली.
मधला खळगा कुणाचा, ते विचारायलाच नको.
बसलो, आणि कंबर गप्प झाली.

"तीस डॉलर," भंगारवाला म्हणाला, "पण करणार काय हिचं?"
मी पंचवीस म्हणालो.
सत्तावीसवर मिटलं. बोल्ट विसरलो.

खालचा लोखंडी डोलारा काढून टाकला,
नाहीतर बोट म्हशीसारखी पाण्यात बसली असती.
कुजकी फळी उपटली, नवं प्लायवूड, रंगाचे दोन हात.
बोल्ट मात्र कोरे, न गंजणारे. तिथे कंजूषी नाही.
आतला स्पंज गेला. पाणी न पिणारा फोम आणला,
सिग्रूनने तो पावाच्या सुरीने कापला,
आधी मला वर्तमानपत्रावर बसवून
खळग्याचं माप काढून.
तिच्यासाठी दुकानातली एकच सीट घेतली, निळी,
खोकं फाटलं होतं म्हणून निम्म्या किमतीत.
ती बसली. बराच वेळ काही बोलली नाही.
म्हणजे आवडली.

शनिवारी पहाटे निघालो. पाणी चहासारखं,
दूर एक पेलिकन, दोन पेलिकन.
पहिली लाट आली. सीटने ती माझ्याआधी झेलली.
मी सवयीने वर पाहिलं.
"काय बघतोस?"
काही नाही म्हणालो.
जिथे आरसा असायचा तिथे आभाळ होतं,
आणि त्यात मागे कुणी
कुणाची टोपी फेकत नव्हतं.

दोन पिकरेल मिळाले, लहानगा सोडून दिला.
धक्क्याला लागलो, दोर बांधला.
सिग्रून मासा घेऊन उतरली, चार पावलं गेली, थांबली.
मी अजून बोटीतच होतो,
आधी माझ्या, मग तिच्या सीटखाली वाकून बघत,
कुणी झोपलेलं राहिलं नाही ना.
एक हातमोजा निघाला.
तिचाच. मेपासून शोधत होती.