खाली थोडं जास्त सोडा

दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात
आंबेगावकर काका चौथ्यांदा आले.
जुन्या डायरीत दाबलेला तोच फोटो,
आणि तीच फ्रेम, आठ बाय बारा,
कुणाला न विचारता आधीच घेऊन ठेवलेली.

फोटो चौरस. क्लिक थ्रीचा.
कमाटीबागेत बँडस्टँडच्या पायऱ्यांवर
पाच माणसं, डोळे बारीक केलेली.
ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे असावं,
तेव्हा सगळ्यांना एवढंच शिकवलेलं.
काका सगळ्यात धाकटे, हातात चण्यांची पुडी.
आणि अगदी खाली, पायऱ्यांपुढच्या मुरमावर
एक सावली: डोकं, खांदे,
दोन्ही कोपरं कानांशी उचललेली.

पहिल्या दिवशी मीच ती पुसायला निघाले होते.
शेजारचा मुरूम उचलायचा, सावलीवर ठेवायचा,
दोन मिनिटांत बाग स्वच्छ.
लोक खूश होतात अशाने.
काका स्क्रीनकडे वाकले आणि म्हणाले,
"अहो, ती कुमुदताई आहे."

म्हणून पुसली नाही.
पण कागद आडवा, फोटो चौरस,
यंत्राने वरची झाडं कापली, खालून ताई कापली,
मला न विचारता, सेकंदभरात.
मग मी फोटो ताणून बघितला.
"मामी जाड होती," काका म्हणाले, "पण इतकी नव्हे."
शेठ आतून ओरडले, "कापी नाख ने!
पडछाया कोण बघतंय?"

"ताईंचा दुसरा फोटो नाही का घरात?"
"आहेत की. लग्नातला, पेन्शनच्या पुस्तकातला.
त्यांत ती कॅमेऱ्याकडे बघते.
यात आमच्याकडे."

आज मी फोटोला हात लावला नाही.
त्याच्याभोवतीचा कागद वाढवला फक्त.
नऊ घरांची छोटी जाळी उघडते,
चित्र कुठे रोवायचं ते आपण सांगायचं,
उरलेल्या बाजूंना मोकळी जागा वाढते.
"फ्रेम उभी चालेल?"
काकांनी ती हातातच उभी करून पाहिली,
जणू इतके दिवस ती आडवीच जन्मली होती.
"चालेल. मग खाली थोडं जास्त सोडा."

वरच्या ओळीतलं मधलं घर दाबलं.
तीन बाजूंनी अर्धा अर्धा इंच,
खाली साडेचार.
आता रंग. पांढरा म्हटलं तर म्हणाले,
"दवाखान्यासारखा दिसेल."
मूळ फोटोला कड होती, ते थांबून बोलले,
मीच कापली. सातवीत. नवी कात्री मिळाली होती.
कडेबरोबर आतलं काही गेलं का, आठवत नाही.
एका कोपऱ्यात नखाएवढी कड राहिली होती,
चहात बुडवलेल्या खारीसारखी पिवळट.
ड्रॉपरने तिचाच थेंब उचलला
आणि सगळीकडे ओतला.

फाइलचं नाव ठेवलं: आंबेगावकर शेवटचं.
तीन आधीच होती त्या नावाची.

प्रिंट निघाली. शेठने उचलून पाहिली,
"अर्धी तर कोरीच! भाव पूर्ण घेजे हं."
काका काही बोलले नाहीत.
काचेवर कागद पसरून त्यांनी बोट
सावलीच्या खांद्यावरून खाली आणलं,
फोटोची रेघ ओलांडली,
कोऱ्यावर आलं, तसंच सरकत राहिलं,
आणि जवळजवळ खालच्या कडेशी थांबलं.

"इथे चपला," म्हणाले.
"त्याच दिवशी घेतलेल्या, मंगळ बाजारात.
इतक्या चावल्या तिला
की फोटो झाल्यावर काढून माझ्या हातात दिल्या,
आणि रावपुऱ्यापर्यंत
अनवाणी चालत आली."