पासंग

बापा,
साडेचार झालेत. गोदीचा भोंगा अजून निजलेला,
खालच्या पाववाल्याची भट्टी मात्र पेटली आहे.
माझगावच्या या गल्लीला पहाटे भाजल्या पिठाचा वास येतो,
तेवढं तू इतक्या वर्षांत बदललं नाहीस.
गुडघे टेकता येत नाहीत, स्टुलावर बसूनच बोलतो.
चालवून घे.

रेशनच्या दुकानातला तो तराजू तुला आठवत असेल.
मालाच्या पारड्याखाली मी चिंच चिकटवायचो, सुपारीएवढी.
दर तोलामागे चमचाभर साखर,
असे चमचे बावीस वर्षांचे.
आणि रविवारी देवळात दानाची पिशवी
मीच फिरवायचो, इस्त्रीच्या सदऱ्यात.

सलोमीबाई मकासरे रांगेत शेवटी असायच्या,
रात्रपाळीहून थेट, आयाच्या निळ्या काठाच्या साडीत.
एकदा माझ्या हातून पारडं उलटलं,
चिंच फळीवर पडली. काळी, ओली.
त्यांनी ती उचलली, पाहिली,
माझ्या तळहातावर ठेवली
कुणाचं पडलेलं नाणं परत करावं तशी.
"साखर बांध, बाबा. पोरं वाट बघतात."

मीही वाट बघितली,
इन्स्पेक्टरची, पंचकमिटीच्या बोलावण्याची.
आला तो नाताळ.
त्यांचा धाकटा ताटलीभर करंज्या घेऊन दारात,
वर क्रोशाचा रुमाल.
आत साखर कुठल्या दुकानाची, तुला ठाऊक.
माझ्या घशाखाली एक उतरेना.
मनोरमा म्हणाली, गोड कमी पडलंय का?

चिंच त्याच दिवशी काढली, असं इतरांना सांगितलं असतं.
तुझ्यापुढे काय लपवू.
आणखी दोन वर्षं ती तिथेच होती.
मग तबिथाला विषमज्वर झाला,
आणि सलोमीबाई अकरा रात्री तिच्या उशाशी बसल्या,
पाण्याच्या पट्ट्या बदलत, न बोलावता.
बाराव्या सकाळी मी चाकूने पारडं खरवडलं.

शब्बाथ शाळेत तुझ्या दयेची एकच ओळ
आम्ही सव्वीस वेळा म्हणायचो, जांभया देत.
एकदा म्हटली तर पुरे नाही का, असं वाटायचं.
आता हात तराजूच्या काट्यासारखा थरथरतो,
गोळ्यांचे खण भरतानासुद्धा चुकतो,
आणि मी ती ओळ मोजायची सोडून दिली आहे.

गेल्या रविवारी प्रभुभोजनात पाळकांनी भाकर मोडली.
माझ्या वाट्याला मोठा तुकडा आला, कडेचा.
कुणी तोलला नाही.
तेव्हा समजलं,
तुझ्याही पारड्याखाली काहीतरी लावलेलं आहे, बापा,
माझ्या बाजूने.
कुणी लावलं तेही समजलं.
त्याच्या तळहातावर खूण आहे.

सलोमीबाई शिवडीच्या मातीत झोपल्यात.
त्यांचं देणं मी फेडलं नाही, त्यांनी मागितलं नाही.
मधल्या या सगळ्या वर्षांना काय म्हणायचं
ते तू म्हण. मी नुसते आभार मानतो.

तबिथा उठली. स्टोव्हचा आवाज येतोय.
डॉक्टरांनी साखर तोडायला सांगितलंय;
ती आतून विचारते, किती घालू?
अर्धा चमचा, मी म्हणतो.
आणि ऐकतो,
चमचा डब्यात दोनदा वाजला.

आमेन.