दोनशे चौसष्ट रुपये

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी नोटांचे ताव तपासले.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कोपरा आंधळा:
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला मागाहून.
सुटताना दारावर झडती.
कोट्यवधी हातांखालून गेले
आणि डब्यात उरायचं ते लोणच्याचं तेल.

आता मंगळवारी संध्याकाळी
शरणपूर रोडला, रूथ भालेरावच्या जिन्याखालच्या खोलीत
आम्ही चौघं पैसे मोजतो.
पगारे गिरणीवाले सुटे आणतात, पिठाने पांढरे.
मणियार टेलर प्रत्येक नोटेची सुरकुती
अंगठ्याने इस्त्री करतात.
रूथ वही लिहिते.
मी पुन्हा मोजते. सवय.

मलावीतल्या एका खेड्यात शाळा, त्रेसष्ट मुलं.
एका मुलाला एक कप मक्याची पेज,
सोयाचं पीठ घालून, सहा रुपये.
महिन्याचे बावीस दिवस.
आठ हजार तीनशे सोळा.
वर काही जमलं तर वह्या, नाहीतर खडू.
संस्था म्हणावी एवढं काही नाही;
रबरी शिक्का आहे,
त्यातला ‘स्था’ उमटत नाही.

बँकेतल्या मुलीने फॉर्म पुढे केला.
रक्कम पाठवण्याचे प्रयोजन.
रकाना बोटभर.
मी लिहिलं: पेज.
ती म्हणाली, काकू, कितवं पेज?

वरच्या मजल्यावरचे निकुंभ विचारतात,
पेठ-सुरगाण्याची पोरं दिसत नाहीत का तुम्हाला?
दिसतात.
मी पावतीपुस्तक त्यांच्यापुढे धरलं,
म्हटलं, सुरगाण्याच्या नावाने फाडू?
ते म्हणाले, बघू.

रूथ सांगते, ह्याच रस्त्याच्या आसपास कुठेतरी
दीडशे वर्षांमागे
गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली पोरं राहत होती.
तिकडचीच. एखादं त्या मोठ्या तळ्याच्या काठचंही असेल.
इथे सुतारकी शिकली, लोहारकी शिकली,
मराठीही शिकली असणार थोडी,
निदान ‘वाढा’ आणि ‘पुरे’.
मोठी झाल्यावर कितीतरी जण समुद्रापलीकडे परत गेले.
पाद्र्यांची नावं सापडतात, ती रूथला पाठ आहेत.
भाकरी कोण थापायची ते सापडत नाही.
आता तिथे मोबाइलची दुकानं, मिसळीची पाटी, सिग्नल.
लाल दिव्याला रिक्षा थांबली
की मी उगाच डावीकडे बघते.

ह्या महिन्यात मास्तरांनी फोटो पाठवला.
खाली आकडा, एकसष्ट.
मी मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले.
दुसऱ्या रांगेत एक फट होती,
दुसरी कुठे ते कळेना.
तियामिके आणि तिचा भाऊ लिम्बानी
मावशीकडे गेलेत, मास्तर लिहितात,
तंबाखूच्या मळ्यावर.
लावणी संपली की येतील.
आणि खाली, वेगळ्या ओळीत:
मागच्या वर्षीची अजून आलेली नाहीत.

दोन मुलं, बावीस दिवस, सहा रुपये.
दोनशे चौसष्ट उरले.
पगारे म्हणाले, पुढच्या महिन्यात धरू.
मणियार म्हणाले, खडू घेऊ.
रूथने वहीत दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

शंभराच्या दोन, पन्नासची एक, दहाची एक,
चार नाणी.
पाकिटात घालताना बोट अडलं.
शंभराच्या एकीवर आकडा
केसभर खाली सरकलेला.
आमच्याच प्रेसची. कुणास ठाऊक,
माझ्याच टेबलावरून गेलेली.

बदलून देऊ का, पगाऱ्यांनी विचारलं.
राहू दे म्हटलं.
खोलीला कुलूप लावताना
मणियार हळूच म्हणाले,
लिम्बानी मोठा की तियामिके?
कुणालाच माहीत नव्हतं.