माणशी सव्वाशे

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात
पर्सवर हात ठेवून मी उभी.
आत आठ हजार. यादीत चौसष्ट माणसं.
माणशी सव्वाशे, छपाईसकट.

श्रीपाल उपाध्ये एकेक वस्तू काढून मांडतो.
पेन. तीस रुपयांत नावासह.
'झाकण आठवड्यात हरवतं, मॅडम, खोटं कशाला बोलू.'
किल्ल्यांची रिंग.
अक्काताई चौगुल्यांच्या दाराला कडी आहे,
कुलूप कधी घेतलंच नाही त्यांनी.
मग.
नेमगोंडा चहा पितो बशीतनं, फुर्रकन.
टोपी.
रात्री आठला, सीपीआरच्या फाटकात, कसलं ऊन?

स्टीलची बाटली आवडली मला.
एकशे चाळीस म्हणाला.
पंधरा जास्त. पंधरा गुणिले चौसष्ट, नऊशे साठ.
नऊशे साठ म्हणजे एका रात्रीच्या भाकरी.
बाटली मी हळूच सरकवली मागे,
कुणाच्या तरी ताटातनं उचलल्यासारखी वाटली.

आमच्या मंडळाचं नाव 'चतकोर'.
चिन्हही तेच, भाकरीचा पाव तुकडा,
दिगंबर सुताराच्या पोरीनं सातवीत असताना काढलेला.
श्रीपालनं चष्मा वर केला:
'कलिंगडाची फोड काय ओ ही?'

मी मजकूर दिला लिहून.
तासाभरानं नमुना आला, अजून गरम.
'आम्ही आपले कृतघ्न आहोत.'
कॉम्प्युटरवरचा पोरगा मान खाली घालून म्हणाला,
'फाँटात ज्ञ उमटंना. जवळचं टाकलं.'

मी हसले. श्रीपाल हसला.
शेजारचा लग्नपत्रिकावालाही येऊन हसून गेला.

मग हसू जरा जास्तच वेळ पुरलं
आणि संपल्यावर
इलाही मुजावर आठवले.

चार वर्षं आमटीचे डबे त्यांच्या रिक्षातनं आले.
भाडं विचारलं की म्हणायचे, 'मीटर बंद हाय.'
सीटवर सांडलेल्या आमटीचा डाग
त्यांनी गिऱ्हाइकांना हळद म्हणून सांगितला.
पाठीचा मणका सरकला, येणं थांबलं.
आणि यादी मी केली
चालू महिन्याच्या हजेरीवरून.

खजिनदार आहे मी. बेरीज चुकली नव्हती.

'हे छापू नका,' म्हटलं.
'ज्ञ मिळाला तरी नको.'
खालच्या फळीवर जाड सुती कापडं होती,
हातभर लांब, एकशेदहाला.
आमच्या बायका डबा उतरवतात पदरानं,
रेश्मा कांबळेच्या मनगटावर
अजून आहे मार्गशीर्षातला चट्टा.
हे आधी दिसायला हवं होतं.
फळी गुडघ्याइतकी खाली होती, एवढंच.

काय छापायचं?
रोज रात्री त्या फाटकात
जे विचारतो आम्ही दोनशे वेळा,
कुणाचा बाप आत, कुणाची लेक आत,
नाव विचारत नाही, गाव विचारत नाही,
तेवढंच एका कोपऱ्यात:
'जेवलासा?'
खाली बारीक चतकोर.
दिसली कलिंगडाची फोड तर दिसू दे.

'किती?'
'पासष्ट.'
सात हजार एकशे पन्नास.
साडेआठशे परत आले, ते पिठाच्या डब्यात गेले,
पावती माझ्या वहीत आहे.

चौसष्ट वाटली गेली त्याच रात्री,
भाषण नाही, हार नाही,
डबे उतरवायच्या आधी.
नेमगोंडानं कापड डोक्याला गुंडाळलं.
अक्काताई म्हणाल्या, 'आणि एक असतं तर…'
त्या तसं प्रत्येक गोष्टीला म्हणतात.

पासष्टावं घेऊन मी यादवनगरात गेले.
रिक्षा आता मुलगा चालवतो,
इलाहीभाई दारात स्टुलावर, कमरेला पट्टा.
मी बरंच काही बोलायचं ठरवून आले होते.
त्यांनी अक्षरं वाचली की नाही, कळलं नाही.
बादलीत कापड बुडवलं, पिळलं,
बसल्या जागेवरनंच हात लांब करून
मीटरची काच पुसली दोनदा.

'बरं हाय,' म्हणाले,
'पाणी चांगलं पितंय.'