सुया

डिकीतून शेंडा बाहेर काढून आणलं त्याला,
लाल फडकं बांधून,
टेम्पोतून सळया नेतात तसं.
डंडीत साडेतीनलाच अंधार.
नानांनी दार उघडलं. कानटोपी, दोन स्वेटर,
आणि पहिलं वाक्य:
"मुळं कुठायत?"

मुळं नाहीत, नाना. कापलेलंच मिळतं.
पंचेचाळीस पौंडांचं.
मी तीस सांगितले.
नानांनी मनातल्या मनात तिसाचे रुपये केले
आणि खुर्चीत बसले.

अडतीस वर्षं सामाजिक वनीकरणात.
आजऱ्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरण्यात गेली.
शिवण, सुरू, करंज, काजू.
झाड घरात येतं ते चौकट होऊन, पाट होऊन,
असं उभंच्या उभं नाही.

तनय म्हणाला, सगळ्यांकडे असतं.
शाळेत मोजणी झालेली:
हम्झाकडे आहे,
पलीकडच्या जिन्यातल्या लेव्हींकडेही आहे, छोटं, कपाटावर,
त्यांची आजी येणार असली की ते बाल्कनीत जातं.
सगळ्यांकडे म्हणजे
असायचं काही कारण नाही
अशांकडेसुद्धा.

माळा गणपतीच्याच काढल्या.
मखराचा सोनेरी कागद एका बल्बला अजून चिकटलेला.
राहू दिला.
शेंड्यावर काय लावायचं, यावर मात्र अडलं.
देवदूत नको, नवरा म्हणाला, चांदणीही नको,
आपण काही ते नाही.
मग आपण कोण, हे जेवणाच्या वेळेपर्यंत ठरेना,
तेव्हा शेंडा मोकळाच ठेवला.

खालच्या मजल्यावरची मोराग आली,
एकोणऐंशीची, रविवारचं चर्च न चुकवणारी.
दाराशीच थांबून छातीभर वास घेतला.
तिच्याकडे नाही. सहा वर्षं झाली, नाही.
"सुया कोण झाडत बसणार?" म्हणाली,
आणि एका फांदीचं टोक
बोटांत धरून बसून राहिली.
नानांनी तिला आल्याचा चहा दिला.
त्यांचं इंग्रजी तिला कळेना, तिचं त्यांना.
दोघं मिळून वाकून
स्टँडमधलं पाणी बघत होती.

पाणी नानाच घालायचे. तांब्यानं.
पहिल्या दिवशी दोन तांबे संपवले त्यानं.
मला ऑफिसात फोन: "पितंय."
दुसऱ्या दिवशी पुन्हा: "अजून पितंय गं."
नाताळच्या आदल्या रात्री अर्धाच तांब्या.
मग फोन आला नाही.
संध्याकाळी ओट्यावर तांब्या पालथा दिसला,
मी विचारलं नाही.

जानेवारीत एका मंगळवारी
कौन्सिलची गाडी झाडं उचलणार होती.
तनयनं विचारलं, हे विसर्जन का? टे नदीत?
नवरा हसला. नाना नाही हसले.
"बोलावलंच नव्हतं ना कुणाला याच्यात," म्हणाले,
"मग निरोप कुणाला द्यायचा?"
तरी मोज्यांवर मोजे चढवून
जिना उतरले आमच्याबरोबर.
फूटपाथवर झाडांची रांग, सगळी आडवी,
कुठल्या घरातलं कुठलं, काही कळत नव्हतं.
नानांनी आपलं तेवढं वळवून ठेवलं,
कापलेला बुंधा भिंतीकडे.

फेब्रुवारीत व्हिसा संपला, नाना परत गेले.
सुया अजून निघतायत.
सोफ्याच्या फटीत, तनयच्या मोज्यात,
एकदा कणकेत.
पाडव्याला गुढीचं वस्त्र झटकलं
तर त्याच्या घडीतूनही एक.

काल जिन्यात मोराग भेटली.
माझ्याकडेही आलीय एक, म्हणाली,
त्या दिवशी चपलेला चिकटून आली असेल.
दाराशीच पडलीय, पायपुसण्याजवळ.
झाडली नाहीये अजून.