बावीस पावलं

सावद्याच्या यार्डात वॅगन भरताना
मुकादमाचा रेडिओ केळीच्या पानाखाली असायचा,
खरखर जास्त, मॅच कमी.
तिथंच नाव ऐकलं पहिल्यांदा. ऑस्बर्न जोसिया.
हिंदीवाला म्हणाला, लंबा कद, बाईस कदम का रनअप,
और पिताजी केले की गोदी पर हमाल.
माझ्या खांद्यावर घड होता. खाली ठेवला नाही,
पण थांबलो.
मागून इमाम ओरडला, अय नबाब, चाल ना रे!

पोराच्या नकाशात त्याचं बेट तिळाएवढं.
तिळावर केळी कशा मावत असतील,
बरेच दिवस सुटलं नाही.

मीही टाकायचो. सुकीच्या कोरड्या पात्रात, कॉर्कचा बॉल,
फिरके मालकांकडे कटाई नसली की.
रावेरच्या पोरांनी एकदा पॅड मागितले, एकदा आई आठवली.
त्याचं ऐकून पावलं मोजली:
वीसला वाळू संपते, पुढं गोटे.
एकोणीसवर भागवलं.

पेपरात फोटो आला, भज्यांच्या तेलातून दिसला.
पँटवर मांडीशी बॉल घासल्याचा डाग.
लाल असणार,
छापून काळा आला होता,
माझ्या सदऱ्यावरच्या चिकासारखा.
केळीचा चीक धुतल्यानं जात नाही.
जैनबचा अजून साबणावर विश्वास आहे.

अकरा टेस्ट. एकेचाळीस विकेटी.
मग पाठीचा मणका.
रेडिओनं एक वाक्य दिलं त्याला,
आणि बाजारभाव सुरू झाले.

त्याच साली मेमध्ये वावधन आलं,
उभी बाग झोपली, घड पोटात घेऊन.
झोपलेली केळ कुणी उभी करत नाही,
बुंधा कापतात, बाजूचं पील ठेवतात.
मालक म्हणाले, निसर्ग आहे.
त्यालाही कुणी असंच काही म्हणालं असेल,
त्याच्या भाषेत.

काल नातवानं मोबाईलवर शोधला.
पोट सुटलेलं, डोक्यावर गवती टोपी,
वजनकाट्यापाशी उभा,
कुणाचा तरी घड मोजून वहीत लिहितोय.
नातू म्हणाला, आजा, हा तर मुकादम दिसतो.
मी दोन बोटांनी मोठा केला.
उजवा खांदा डाव्याहून खाली.
बॉलिंगनं की बापाच्या कामानं,
फोटोत कळत नाही.
माझंही डॉक्टरला कळलं नव्हतं.

म्हटलं, काट्यावर आकडा किती दिसतो रे?
नातू म्हणाला,
अजून मोठं केलं तर फाटतं.