अर्ध्या तिकिटात माळ

सोलापूर–बार्शी, पहाटे सव्वापाचची.
मांडीवर कॅमेरा, त्यावर चादरीचा तुकडा,
धूळ बसू नये म्हणून.
"नान्नज? कुणाकडं?" मास्तरनं विचारलं.
माळाकडं, म्हणाले.
अर्धं तिकीट फाडून तो पुढं सरकला.

आठवडाभर मी दुकानात माणसं काढते:
मागं पांढरा पडदा, हनुवटी खाली, कान दिसू द्या.
इथं पडदाच नाही.
कुसळं सलवारीला टाके घालत राहतात
आणि उजेड कुणाचं ऐकत नाही.

माळढोक दिसला नाही.
चौकीतले येमूल म्हणाले, गेल्या साली होता एक.
मग थांबून,
गेल्या, का त्याच्या आदल्या?
त्यांचाच फोटो काढावा म्हटलं, तर
नको, दाढी केली नाही.

एक काळवीट पाठमोरा उभा राहिला,
मी श्वास धरला तेवढ्यात उताराला लागला.
सव्वानऊ.
फाट्यावर पळत जाताना
सहज मागं न बघता, समोरच, एकदा बटण दाबलं.

परतीला तोच मास्तर.
स्क्रीन पुढं केली.
"रिकामंच आहे की ओ."
खरंच. गवत, गवत, वर फिकट आभाळ,
मध्ये गुंजेएवढं लाल.
त्यानं दोन बोटांनी ते मोठं केलं,
गवताचे चौकोन होईपर्यंत,
आणि दारातल्या खाकी ठिपक्यावर
नख ठेवून गप्प बसला.

शेळगीपाशी उठला, शर्ट खाली ओढला,
राहिलेले सुट्टे दोन रुपये
न मागता हातावर ठेवले.